बॉलपार्क फिगर आणि आमचे हे

आमच्या घरात इंग्रजी मालिका बघायला तीन माणसं लागतात. एक सबटायटल वाचायला, एक अर्थ सांगायला आणि एक समजायला.

वाचायचं काम माझ्याकडे. मोतीबिंदू काढल्यापासून घरात सगळ्यांत स्वच्छ मलाच दिसतं. अर्थ सांगायचं काम आमच्या ह्यांचं. जन्मभर सरकारी खात्यात इंग्रजी टिपण्यांवर शेरे मारल्यामुळे इंग्रजीत आपल्याला न कळणारं काही असू शकेल, अशी शंका त्यांना आजवर शिवलेली नाही. आणि समजून घेण्याचं काम सासूबाई करतात. त्यांचं शिक्षण राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत, चौथीपर्यंत. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आल्या. मामंजी गिरणीत होते, त्यामुळे सासूबाईंना जे इंग्रजी शब्द येतात ते सगळे गिरणीच्या भोंग्याबरोबर घरात शिरलेले: बोनस, ओव्हरटाइम, लॉकआउट, स्ट्राइक. एवढ्या भांडवलावर त्यांनी कितीतरी इंग्रजी मालिका पचवल्या आणि चोर कोण हे बहुतेक वेळा आमच्या आधी ओळखलं.

ही व्यवस्था काही ठरवून लागली नाही. न्यू जर्सीच्या भाच्याने त्याचा पासवर्ड दिला आणि वर म्हणाला, "आजी, मराठी मालिकांतल्या सासवा बघून कंटाळला असाल." सासूबाईंना ते लागलं. "तिकडच्या सासवा काय सोन्याच्या असतात, बघू तरी," म्हणून त्या खुर्ची ओढून बसल्या, त्या बसल्याच.

सबटायटल वाचणं वरवर वाटतं तितकं सोपं नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी केलेली सबटायटलं असली की त्यात नुसते संवाद नसतात. दार करकरतं, कोणी सुस्कारा टाकतं, लांबवर घोडा खिंकाळतो, हे सगळं लिहिलेलं असतं आणि मी आपली इमानाने मोठ्याने वाचते. "भीतिदायक संगीत वाजते," असं एकदा वाचलं तर सासूबाई म्हणाल्या, "ते ऐकू येतंय मला. माणसं काय बोलतायत ते सांग." तोवर माणसं बोलून, चहा पिऊन निघून गेलेली होती.

पहिली लागली ती 'डाउंटन ॲबी'. यॉर्कशरमधला बडा उमराव, अमेरिकन बायको, तीन मुली, मुलगा नाही. १९१२ च्या एप्रिलात 'टायटॅनिक' बुडते आणि तिच्याबरोबर इस्टेटीचे दोन्ही वारसही, उमरावाचा चुलतभाऊ आणि त्याचा मुलगा. इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग 'एन्टेल' आला. उमराव एन्टेल म्हणतो, बायको एन्टेल म्हणते, थोरली मुलगी रडत रडत एन्टेल म्हणते. मी हातातला रिमोट दाबून चित्र थांबवलं.

"सोपं आहे," हे म्हणाले. "टेल म्हणजे शेपूट. एन्टेल म्हणजे शेपटासकट. इस्टेटीच्या मागे काहीतरी झेंगट आहे."

"म्हणजे मुलींना मिळायची नाही आणि ह्याला विकताही यायची नाही," सासूबाई म्हणाल्या. "भाऊबंदकीतली जमीन. लाव पुढे."

झेंगट हा अर्थ कुठल्याही शब्दकोशात नसेल, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष कुठल्याही दिवाणी वकिलाने मान्य केला असता. इस्टेट अशी बांधून ठेवलेली की ती किताबाच्या मागोमाग पुरुष वारसाकडेच जाणार. बायकोने अमेरिकेहून आणलेला पैसाही त्या गाठोड्यात बांधला गेलेला, तो सुटा करता येत नाही. हे ऐकल्यावर सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "सुनेचं स्त्रीधन गिळलं मेल्यांनी! आणि हा बापई नुसता कुत्र्याला घेऊन फिरतोय?" उमराव खरोखरच जवळजवळ प्रत्येक भागाच्या सुरुवातीला कुत्र्याबरोबर फिरत असतो.

पुढे मँचेस्टरहून एक वकील येतो. अगदी लांबचा चुलत नातेवाईक, पण आता तोच वारस. नातं किती लांबचं हे सांगायला इंग्रजीत एक अख्खं वाक्य लागत होतं. 'थर्ड कझिन, वन्स रिमूव्ह्ड' असं मी वाचलं. ह्यांनी सांगितलं की तिसरा भाऊ होता, त्याला एकदा घरातून काढून टाकलं होतं. सासूबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांना वेगळाच प्रश्न पडला होता. "इतक्या लांब कशाला जायचं? थोरलीचं लग्न लावून द्यायचं आणि एक दत्तक घ्यायचा. काम झालं."

शाळेत इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. डलहौसीने दत्तक वारस नामंजूर करून १८४८ साली सातारा घेतलं, १८५४ साली नागपूर आणि झाशी, हे मी मुलांच्या किती तुकड्यांकडून घोकून घेतलं असेल. पण साहेबाच्या स्वतःच्या घरी दत्तकाचं काय चालतं, हा प्रश्न ना कधी एखाद्या मुलाने विचारला, ना मला सुचला. त्या रात्री शोधत बसले. तर इंग्लंडात दत्तक घेण्याचा कायदा झाला तोच मुळी १९२६ साली! तोवर लोक पोरकी मुलं सांभाळत, वाढवत, आपलं नाव देत, पण कायद्याच्या लेखी ती त्यांची नसत. 'डाउंटन'ची मालिका संपते १९२५ च्या सरत्या रात्री. म्हणजे बिचाऱ्या उमरावाला सहा हंगाम ज्या उपायाची गरज होती तो मालिकेवर पडदा पडल्यावर आला, आणि तोही अर्धाच. कारण दत्तक मुलाला उमरावाचा किताब मिळत नाही, तो आजही नाही.

सकाळी चहाच्या वेळी सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाल्या, "स्वतःला ठाऊक नव्हतं, म्हणून झाशीच्या राणीला नाही म्हणाला होय!" पेशवाईच्या अस्तापासून सत्तावन्नपर्यंतचा धडा मी यापेक्षा नीट कधी शिकवला नसेल.

'डाउंटन'मधलं सगळ्यांत गाजलेलं वाक्य कुठलं, हे आम्हाला बघताना माहीत नव्हतं. नवा वारस जेवणाच्या टेबलावर सांगतो की मी वकिली सोडणार नाही, इस्टेटीचं शनिवार-रविवारी बघेन. त्यावर उमरावाची आई, म्हणजे मॅगी स्मिथ, काटा-चमचा हातात धरून विचारते की वीकएंड म्हणजे काय? जगभर लोक या प्रश्नावर हसले. हेही हसले, आणि सवयीप्रमाणे खुलासा केला, "हिला कामाचे वार नाहीत, मग सुट्टीचे कुठून असणार?" चक्क बरोबर खुलासा होता. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "मला तरी कुठे ठाऊक होता? गिरणीला सुट्टी असली की घरात जेवायला माणसं जास्त. एवढी मोठी सरदारीण, पण माझ्यासारखंच बोलली बघ." तेव्हापासून मॅगी स्मिथ ही 'आमची म्हातारी' झाली. तिची एंट्री झाली की फोन घ्यायचा नाही, कुकर लावायचा नाही, असा नियम झाला.

तिकडच्या चिकित्सक प्रेक्षकांनी या मालिकेवर बारीक नजर ठेवली होती म्हणे. महायुद्धाच्या काळातला माणूस 'लर्निंग कर्व्ह' कसा म्हणेल, अशी भांडणं वर्तमानपत्रांतून झाली. तो शब्दप्रयोग त्या काळच्या बोलण्यात नव्हता. हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे शिवकालीन मालिकेतला मावळा 'नियोजन' म्हणाला की पुण्याहून पत्र येतं, तसंच झालं हे.

बाकी खानदानी घरातल्या हुद्द्यांचे अर्थ ह्यांनी एकहाती लावले. फूटमन म्हणजे पाय चेपणारा. तो सबंध मालिकेत एकदाही कोणाचे पाय चेपताना दिसला नाही, नुसती ताटं घेऊन उभा, तरी ह्यांचं मत बदललं नाही. "ते आपल्याला दाखवत नाहीत," म्हणाले. पुढे 'द क्राउन' लागली तेव्हा राणीच्या मागे एक 'लेडी-इन-वेटिंग' दिसायला लागली. हे म्हणाले, "वेटिंगवरची बाई. अजून कन्फर्म झालेली नाही." सासूबाईंना ते लगेच पटलं. कोकणकन्येचं तिकीट काढणाऱ्या माणसाला वेटिंग या शब्दाचा दुसरा अर्थ पटवणं अवघड आहे.

भाच्याचं म्हणणं असं की हे सगळं सौम्य आहे, खरी परीक्षा 'द वायर'. "मावशी, सबटायटल लावूनच बघा. इथले अमेरिकनसुद्धा लावतात." बाल्टिमोर शहर, गर्द विकणाऱ्या टोळ्या, त्यांच्या मागे लागलेले पोलीस. २००२ ते २००८ अशी चालली. लिहिणारा डेव्हिड सायमन हा 'बाल्टिमोर सन'चा जुना गुन्हे-वार्ताहर. प्रेक्षकाला काही समजावून सांगायचं नाही, हे त्याचं धोरणच. पोरं रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून काय बोलतात ते पोरांना कळतं, तुम्हाला कळलं तर कळलं.

मी वाचत होते, "बर्नर फेकून दे." हे म्हणाले, "बर्नर म्हणजे शेगडीचा." सासूबाईंना चिंता पडली, "मग स्वयंपाक कशावर करणार?" दोन भाग आम्ही त्या टोळीच्या स्वयंपाकाची काळजी करत काढले. नंतर भाच्याने सांगितलं की बर्नर म्हणजे वापरून टाकून द्यायचा स्वस्त फोन.

पण त्या पोरांचा एक शब्द आहे, त्याची वंशावळ मला इतकी आवडली की मी ती डायरीत लिहून ठेवली आहे. पोलीस दिसला की कोपऱ्यावरचं पोर ओरडतं, "फाइव्ह-ओ!" का, तर १९६८ साली 'हवाई फाइव्ह-ओ' नावाची पोलिसांची मालिका सुरू झाली आणि पुष्कळ वर्षं चालली. आणि तिचं नाव तसं का, तर १९५९ साली हवाई बेटांना राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा ते अमेरिकेचं पन्नासावं राज्य ठरलं. म्हणजे एका राज्याच्या क्रमांकावरून मालिकेचं नाव, मालिकेवरून पोलिसांचं नाव आणि ते पुन्हा दुसऱ्या मालिकेतल्या पोराच्या तोंडी.

मी ही वंशावळ रंगवून सांगत असताना सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे 'पाऊस आला' म्हणत." कुठे? "गल्लीत. दारूबंदी होती तेव्हा. मागच्या अंगाला हातभट्टीचा अड्डा होता. तोंडाशी पोरगं उभं असायचं. भर उन्हात 'पाऊस आला रे' ओरडलं की समजायचं हवालदार आला. बायका वाळत घातलेले कपडे काढायला धावायच्या, नव्या आलेल्या."

मग त्यांना कुणी काही समजावायची गरज उरली नाही. पैसे घेणारं पोर वेगळं आणि माल देणारं वेगळं का, हे पोलिसांना कळायला भाग लागतात. त्यांना पहिल्याच प्रसंगात कळलं, कारण मटक्याचा आकडा लिहिणारा, पैसे नेणारा आणि वरचा शेठ हे तिघं एका ठिकाणी कधी सापडू नयेत, ही रचना त्यांनी जिन्यावरून बघितलेली होती. गर्दच्या पुड्यांना पोरं 'पँडेमिक' वगैरे नावं देऊन भाजीवाल्यासारखी ओरडून विकतात, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मालाला नाव पाहिजेच." त्यातला मुख्य पोलीस आणि टोळीचा हिशेबी मेंदू ही दोन्ही कामं इंग्लंडच्या नटांनी केली आहेत, डॉमिनिक वेस्ट आणि इद्रिस एल्बा. म्हणजे बाल्टिमोरची ती बोली त्यांनीही शिकूनच बोलली. हे कळल्यावर आमच्या ह्यांना थोडा धीर आला.

धीर फार टिकला नाही, कारण पुढे अमेरिकन वकील आले. अमेरिकन वकील कायद्याचं इंग्रजी बोलत असता तर ह्यांनी निभावून नेलं असतं. तो बेसबॉलचं इंग्रजी बोलतो. कोर्टात अनपेक्षित साक्षीदार आला की तो कर्व्हबॉल, भलतंच काही घडलं की ते लेफ्ट फील्डमधून आलेलं, सहज बोलायचं असलं की 'टच बेस'. एका वकिलाने अशिलाला विचारलं, नुकसानभरपाईची 'बॉलपार्क फिगर' काय? हे म्हणाले, "बॉलपार्क फिगर म्हणजे खेळाडूसारखा कमावलेला बांधा." अशील सत्तरीचा, काठी टेकत आलेला, पोट सुटलेला. आम्ही तिघंही त्याच्याकडे आदराने बघत राहिलो. त्याने "चार मिलियन" असं उत्तर दिलं तेव्हा कुठे संशय आला.

'रेन चेक' म्हणजे हवामान खात्याचा अंदाज, असं पुढचं निदान झालं. खरी गोष्ट अशी की बेसबॉलचा सामना पावसाने धुऊन गेला तर तिकिटाचा अर्धुक पुढच्या सामन्याला चालायचा. त्यावरून, आज जेवायला यायला जमत नाही, पण बोलावणं राखून ठेवा, असं म्हणायचं झालं की रेन चेक. सासूबाईंना हा शब्द इतका पसंत पडला की भिशीच्या बायकांना त्या आता 'रेनचेक' देतात.

क्रिकेटची माणसं आपण. आपल्याला हे कळत नाही यात लाज वाटण्यासारखं काही नाही. भाचा सांगतो, तो नवा असताना मीटिंगमध्ये म्हणाला की या कामात आपण जरा बॅकफूटवर आहोत. साहेबाने मीटिंग संपल्यावर हळूच विचारलं, पायाला काय झालंय? डॉक्टरला दाखवलंस का?

'हेल मेरी' हा शब्द आला तेव्हा माझी वसईची मैत्रीण घरी होती. ह्यांनी, मेरी नावाच्या बाईला सलाम, असं सांगायला तोंड उघडलं होतं, पण तिला बघून मिटलं. तो त्यांच्या फुटबॉलमधला प्रकार. २८ डिसेंबर १९७५ ला डॅलसच्या रॉजर स्टॉबॅकने सामना हातचा जायच्या बेताला असताना लांबच लांब चेंडू फेकला, तो नेमका जोडीदाराच्या हातात गेला आणि सामना जिंकला. नंतर तो म्हणाला, मी डोळे मिटून मेरीमातेची प्रार्थना केली. तेव्हापासून शेवटची, नशिबावर हवाला ठेवून केलेली धडपड म्हणजे हेल मेरी, हे सगळ्यांच्या तोंडी बसलं. मैत्रिणीच्या घरी संध्याकाळची रोजरी कधी चुकलेली नाही. ती म्हणाली, "म्हणजे आम्ही रोज पन्नास वेळा म्हणतो ते काय, आणि ह्यांना हरायला आल्यावरच आठवतं!"

एक शब्द मात्र मी सासूबाईंसमोर वाचायला नको होता, असं नंतर वाटलं. कॅलिफोर्नियात १९९४ साली कायदा झाला, 'थ्री स्ट्राइक्स'. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या नावावर तीन स्ट्राइक लागले की तो बाद. तसाच तिसरा गंभीर गुन्हा झाला की गुन्हेगार जन्मठेपेला गेला. मालिकेतला वकील हे घाईघाईने बोलून गेला. सासूबाईंना त्यातला एकच शब्द ओळखीचा होता. "स्ट्राइक? तीन संप केले म्हणून जन्मठेप?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आमच्याकडे एकातच जन्म गेला." १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांनी पुकारलेला तो संप, त्यातले ते अडीच लाख लोक, त्यांतले एक मामंजी. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, म्हणजे कागदोपत्री मामंजी शेवटपर्यंत संपावरच होते. ह्यांनी कधी नव्हे ते अर्थ सांगितला नाही. मी पुढचा भाग लावला.

ह्यांचे चांगले दिवस आले ते 'येस मिनिस्टर'ने. मालिका १९८० ची, बीबीसीची. तिचा हिंदी अवतार 'जी मंत्रीजी' २००१ साली येऊन गेला होता, फारूख शेख त्यात मंत्री होते, पण तेव्हा ह्यांना ऑफिसातून यायला उशीर व्हायचा. आता मूळ मालिका समोर आली आणि काय सांगू, नवरा तरुण झाला! सर हम्फ्री हा सचिव तोंड उघडून लांबलचक वाक्य सुरू करतो, ते संपेपर्यंत मंत्र्याचा चेहरा पडतो आणि हे टाळी देतात. मंत्र्याने काही ठरवलं की सचिव कौतुकाने म्हणतो, फारच धाडसी निर्णय आहे, आणि मंत्री घाबरून तो रद्द करतो. मला कळेना, कौतुक केल्यावर घाबरायचं कशाला? हे म्हणाले, "धाडसी म्हणजे निवडणूक हरणार. आमचे साहेब म्हणायचे, 'सर, कल्पना अभिनव आहे.' अभिनव म्हटलं की ती फाइल पुन्हा दिसायची नाही."

याच भरात त्यांनी मला 'टेबल' या शब्दावर व्याख्यान दिलं. इंग्रज माणूस एखादा विषय 'टेबल' करतो म्हणजे चर्चेला घेतो आणि अमेरिकन 'टेबल' करतो म्हणजे बाजूला ठेवून देतो. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्हीकडच्या सेनाधिकाऱ्यांत कडाक्याचं भांडण झालं, दोघांनाही विषय आत्ताच घ्यायचा असताना. चर्चिलने ते लिहून ठेवलं आहे. "आमच्या खात्यात भांडण नव्हतं," हे म्हणाले. "फाइल टेबलावर आली म्हणजे विचाराला आली, आणि टेबलावर आली म्हणजे तिथेच राहिली."

सासूबाईंना मालिका आवडली, पण दोन भाग झाल्यावर त्यांनी विचारलं, "हा मंत्री चांगला बोलतो, पण त्याचा तो सेक्रेटरी एवढा गोंधळलेला का असतो?" त्या हम्फ्रीलाच मंत्री समजत होत्या. मी दुरुस्त करायला गेले तर हे म्हणाले, "असू दे, बरोबरच आहे त्यांचं."

या यशाने ह्यांचा आत्मविश्वास इतका वाढला की 'लाइन ऑफ ड्यूटी' लागली तेव्हा ते सबटायटल न वाचताच अर्थ सांगायला लागले. भ्रष्ट पोलिसांना पकडणाऱ्या पोलिसांची ही मालिका. लिहिणारा जेड मर्क्युरिओ मूळचा डॉक्टर, म्हणून असेल, चौकशीच्या खोलीत माणूस फाडायला घेतला की अर्धा-अर्धा तास सोडत नाही. पथकाचं नाव एसी-१२. हे नाव ऐकल्यावर बारा टनी एसीचा विषय घरात निघाला, तो मी सोडून देते. पथकाचा प्रमुख टेड हेस्टिंग्ज हा उत्तर आयर्लंडचा, आणि त्याचं बोलणं म्हणजे गावचा तुकडाच. चिडला की येशू, मेरी, जोसेफ आणि वर त्यांचं चिमुकलं गाढव, अशा सगळ्यांना साक्षीला बोलावतो. कुणी त्याला बनवायला बघितलं की म्हणतो, मी काही बुडबुड्यात बसून लॅगन नदीतून तरंगत आलो नाही. लॅगन म्हणजे बेलफास्टची नदी. ह्यांनी याचं शब्दशः भाषांतर केलं आणि गप्प झाले.

"उन्हात केस पांढरे केले नाहीत, म्हणतोय तो," सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या.

२०२१ च्या सहाव्या हंगामात मात्र त्यांनीही हात टेकले. पहिल्याच भागात सगळे पोलीस 'चिस', 'चिस' करत सुटले. ह्यांना चीज ऐकू आलं. मला वाटलं कुणाचं आडनाव. शेवटी कळलं की ती आद्याक्षरं आहेत, पोलिसांना आतली बातमी देणाऱ्या माणसाला तिकडे असं लांबलचक सरकारी नाव आहे. आपल्याकडे खबऱ्या म्हणतात आणि वेळ वाचवतात. पण सांगायची गोष्ट अशी की तेव्हा खुद्द इंग्लंडातले प्रेक्षकही चिस म्हणजे काय ते एकमेकांना विचारत होते. त्याच हंगामाचा शेवटचा भाग तिकडे सव्वा कोटीहून जास्त लोकांनी बघितला. त्यातल्या किती घरांत एखादे 'हे' अर्थ सांगत बसले असतील, याचा विचार करून मला उगाच गहिवरून आलं.

टेड हेस्टिंग्जचा आणखी एक लाडका शब्दप्रयोग आहे. तपासाची गाडी रुळावर आली की तो खुशीत म्हणतो, आता आपण डिझेल ओढतोय. आयर्लंडच्या खेड्यातला वाक्प्रचार. काम झकास चाललंय, एवढाच अर्थ. हा अर्थ ह्यांना कुणाच्या मदतीशिवाय अचूक लागला आणि त्याचा त्यांना इतका अभिमान वाटला की तो घरात मावेना.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. पुनर्विकासाचा विषय वर्षानुवर्षं अडलेला, त्या दिवशी कधी नव्हे ते सगळ्यांनी हात वर केले. हे उठून उभे राहिले आणि भारावलेल्या आवाजात म्हणाले, "मंडळी, आता कुठे आपण डिझेल ओढायला लागलो!" टाळ्या झाल्या नाहीत. मागून कुणीतरी विचारलं, "कोण ओढतंय?" पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, मला संशय होताच, जनरेटर एवढा चालतच नाही. सचिवांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

इतिवृत्त आठ दिवसांनी सूचना फलकावर लागलं. ठराव क्रमांक सात: जनरेटरच्या टाकीतून डिझेल ओढले जात असल्याची बाब एका ज्येष्ठ सभासदांनी सभेच्या निदर्शनास आणल्याबद्दल त्यांचे आभार मानण्यात आले. टाकीस कुलूप बसवून किल्ली सदर सभासदांच्याच ताब्यात देण्याचे सर्वानुमते ठरले.

परवा रात्री दोन वाजता वीज गेली. वॉचमन बेल दाबून दाबून दमला, तेव्हा हे धडपडत उठले आणि अंधारात सगळे ड्रॉवर उपसून किल्ली शोधायला लागले. सासूबाईंनी आतल्या खोलीतून कूस बदलत विचारलं, "कोण आलंय?"

"टाकीची किल्ली मागतोय, आई," मी म्हटलं.

"मग दे म्हणावं त्याला. आणि ओढा म्हणावं आता."